सहावं मशीन

३० सप्टेंबर, मंगळवार

शाळेला द्यायचे सहा जुने कॉम्प्युटर. पाच पुसून झाले. रोज एक. अख्ख्या डिस्कवर तीनदा शून्यं लिहायची, मग रजिस्टरमध्ये सुरू वेळ, बंद वेळ, सही. अकरा वर्षं हे रजि. माझ्याकडे आहे, एकदाही कुणी चूक काढलेली नाही. (कुणी उघडलेलंही नाही, ते वेगळं.)

सहावा आज संध्याकाळी आला. मेडिकल रूमचा. लता सिस्टर स्वतः ट्रॉलीबरोबर चालत आल्या, पेशंट पोचवायला आल्यासारख्या. म्हणाल्या, "जाधव, नीट पुसा हो. ह्यात माणसांची दुखणी आहेत." मी म्हणालो, "सिस्टर, माझ्यावर सोडा." अशी वाक्यं माझ्या तोंडात तयारच असतात.

आत्ता लावून निघालो असतो तर सकाळपर्यंत झाला असता. पण मोशीच्या चौकात अडकायच्या आत घर गाठायचं होतं. उद्या.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी पूजा. प्रेसना हार, ग्राइंडरना हार, फोर्कलिफ्ट तर नवरदेव. आमचा सर्व्हर दरवर्षी एक झेंडू घेऊन कोपऱ्यात बसतो. यंदा म्हटलं आपणही काहीतरी मांडू. शाळेचे पाच कॉम्प्युटर मांडले. पाचांची रांग बरी दिसेना म्हणून सहावा आणून ठेवला. वायरी गुंडाळून वर ठेवल्या, हळदकुंकू, फुलं. साहेब खूश. फोटो काढला, त्यात नारळ माझ्या हातात.

साडेदहाला सहावा उचलायला गेलो तर गणपतमामा आडवे. मेंटेनन्सचे, मूळचे निघोज्याचेच, कंपनीच्या आधी इथं त्यांचं शेत होतं. "आरं, पूजा झालीया. आता हात लावायचा न्हाई. उद्या शिलंगण झालं की मग काय करायचं ते कर."

"मामा, ते काय मशीन आहे का? डबा आहे नुसता."

"मग पूजंला कशाला मांडला?"

आजूबाजूचे हसले. मी पण ताणलं नाही. खरं सांगायचं तर एक दिवस मोकळा मिळाला म्हणून बरंच वाटलं.

उद्या दसरा. परवा सकाळी नऊला टेम्पो येणार. अ‍ॅडमिनला कागद आजच हवा होता. भरून टाकलं. सहावं मशीन, सुरू १०.००, पूर्ण ५.४०, तीन वेळा. सही. परवा लवकर जाऊन खरंखुरं करू असा विचार आहे. विचार चांगला आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लवकर म्हणजे आठला पोचलो. तासाभरात तीनदा पुसणं शक्यच नाही, एकदाही नाही. सी ड्राइव्ह साफ केला, नवीन विंडोज घातलं. डी तसाच. उघडून बघितला नाही. बघितला असता तर काहीतरी करावं लागलं असतं.

टेम्पो साडेदहाला आला. दीड तास मी गेटवर चहा पीत उभा होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

महिन्याभरानं वही उघडतोय. दिवाळी, फराळ, पाहुणे, सगळं झालं. आजचं लिहितो.

जेवणानंतर फायनल इन्स्पेक्शनवरून येत होतो. तिथे भागवत असतो. बीडकडचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला बसून काम मिळालंय म्हणून त्याला सगळे 'जावई' म्हणतात. मीही म्हणतो. आज त्याच्या टेबलावर एक फोडलेला कांदा होता आणि शेजारी जुनी चप्पल. कुणीतरी ओरडलं, "भागवतभाऊ, लागली चक्कर तर लगेच हुंगा!" सगळे हसले.

मीही हसलो. कशाला हसतोय ते माहीत नव्हतं. चारजण हसतात म्हणून हसलो.

पुढे गेल्यावर कळलं. त्याला फिट येते. म्हणजे यायची. गोळ्या चालू आहेत, चार वर्षांत एकदाही आलेली नाही. म्हणूनच डॉक्टरांनी त्याला मशीनपासून लांब, बसून काम दिलंय. मेडिकल रूमबाहेर ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती. आता सगळ्यांना आहे.

भागवतने कांदा उचलून कचऱ्यात टाकला. चप्पल उचलून खाली ठेवली. टेबल फडक्याने पुसलं आणि मापायचा गेज हातात घेतला. कुणाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी शाळेतून काळे सरांचा फोन. कॉम्प्युटर शिकवतात.

"साहेब, एका मशीनमध्ये तुमच्या कंपनीचे कागद होते बरं का. सुट्टीनंतर लॅब उघडली आणि पोरांनी शोधून काढले. आपापल्या वडलांची नावं दिसली म्हणून मोठ्यानं वाचत बसली. मी बघितलं आणि सगळं डिलीट केलं. तुम्ही काळजी करू नका."

आमच्या निम्म्या कामगारांची मुलं त्या शाळेत आहेत. भागवतची मुलगी नववीत.

"आभारी आहे सर," म्हणालो. आभारी!

डिलीट केलं म्हणे. डिलीट म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीची यादी फाडणं. पानं जिथल्या तिथे असतात. नवीन माणूस आला की हे मी पहिल्या दिवशी शिकवतो, हात हलवून हलवून शिकवतो.

जेवण गेलं नाही. बायकोने, वंदनाने, विचारलं, पित्त झालंय का. हो म्हणालो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भागवतने तक्रारीचा अर्ज दिला. त्याचं दुखणं डॉक्टर, सिस्टर आणि तो, तिघांनाच माहीत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, कुणाशी बोलत नाहीत. म्हणजे सिस्टरच. चौकशी पुढच्या बुधवारी, तोवर सिस्टरांनी घरी थांबायचं.

बावीस वर्षं त्या मेडिकल रूममध्ये आहेत. चिपळूणच्या. आवाज खणखणीत, पट्टी बांधताना शिव्या घालतात, पण आतली गोष्ट कधी बाहेर गेली नाही. आज डब्याची पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. वाटलं, विचारणार.

"जाधव, नव्या मशीनचा पासवर्ड ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. माझ्या जागी कोण येईल त्यांना द्या."

"हो."

खरं तोंडापर्यंत आलं होतं, असं लिहायला बरं वाटेल. आलं नव्हतं. तोंडापर्यंत आलं ते "सांभाळून जा". तेही म्हणालो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. कंपनीला सुट्टी

वंदनाला सांगितलं, शाळेतलं मशीन बिघडलंय. चऱ्होलीतून आठला निघालो. पिशवीत पुसायचा पेन ड्राइव्ह आणि स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही घेतले होते. काय करणार ते ठरलं नव्हतं.

लॅबमध्ये सहाही एका रांगेत. सहाव्यावर सिस्टरांनी पूर्वी चिकटवलेला लाल अधिकाचा स्टिकर अजून आहे. डी ड्राइव्हमधलं सगळं रीसायकल बिनमध्ये पडलेलं. कुणीही दोन क्लिकमध्ये बाहेर काढावं. सुमारे दीडशे नावं.

आधी काय केलं? स्वतःचं नाव शोधलं.

होतं. तीन वर्षांपूर्वीचं. दादा गेला तेव्हाचं. दोन महिने झोप नव्हती, एकदा सर्व्हर रूममध्ये बसून रडत होतो आणि सिस्टर मलम द्यायला म्हणून आत आल्या होत्या. काही विचारलं नाही. डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या दिल्या. स्कॅन केलेल्या कागदाच्या खाली त्यांच्या अक्षरात: 'यांना रात्रपाळी देऊ नये. रोज अकरा वाजता चहाला बोलावणे.' मला वाटायचं, चहा उगाच जास्त होतो म्हणून बोलावतात. वंदनालासुद्धा हे माहीत नाही. मुलगा, भाऊबंद, कंपनी, कुणालाच माहीत नाही. तीन वर्षं या बाईने एक अक्षर बाहेर काढलं नाही.

भागवतचा कागद उघडला नाही.

उघडला. खोटं कशाला लिहू.

मग दोनच वाटा होत्या. डिस्क काढायची आणि थेट एचआरच्या मॅडमच्या टेबलावर ठेवायची: सिस्टरने नाही, हिने सांगितलं, आणि हिला मी सोडलं. नाहीतर पुसायची. स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला. एक स्क्रू सैल केलासुद्धा. मग परत आवळला.

स्वतःला म्हणालो, दीडशे माणसांची दुखणी आणखी एक दिवस इथे राहता कामा नयेत. हे कारण शंभर टक्के खरं आहे. खरं होतं म्हणून तर त्याच्यामागे लपता आलं.

सुरू ९.४०. या वेळी खरंच ९.४०. अकरा टक्क्यांवर असताना थांबवता आलं असतं. वीसवर आलं असतं. बाकावर बसून आकडा बघत राहिलो. मुलं येऊन डोकावून जात होती. काळे सरांनी चहा आणला. सहज विचारल्यासारखं भागवतच्या मुलीचं विचारलं. गेल्या शुक्रवारपासून आलेली नाही.

पूर्ण ४.१०. तीन वेळा, पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. इतकं चोख काम अकरा वर्षांत केलं नव्हतं. आता सिस्टरच्या बाजूचा पुरावा जगात कुठे नाही, आणि तो मी नाहीसा केलाय.

निघताना सर म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी इतकं मनापासून कोण करतं हो! पोरांना सांगतो तुमचं उदाहरण."

गाडी आळंदी रोडला लावून थोडा वेळ उभा होतो. शरमेनं अंग तापतं हे माहीत नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वंदनाला सांगितलं. चपात्या लाटत होती तेव्हा, कारण तिची पाठ होती. सांगायचं तर माझ्या गोळ्यांचंही सांगावं लागलं. ती नेमकी तिथेच अडकली.

"दोन महिने गोळ्या घेत होतात? आणि मला पत्ता नाही?"

"तुला काळजी नको म्हणून."

"मी शेजारी झोपत होते ना?"

तिने पुढची चपाती लाटायला घेतली. सिस्टर, डिस्क, भागवत, सगळं बाजूला. मला वाटलं, वादळ दुसऱ्याच गावाला गेलं. आणि तेवढ्यापुरतं सुटल्यासारखंही वाटलं, इतका मी हलका माणूस आहे.

जेवणं झाल्यावर भांडी विसळता विसळता म्हणाली, "दिवाळीला भेटल्या होत्या त्या मला. गेटवर. तुमची तब्येत विचारली, मी म्हटलं ठणठणीत. हसल्या नुसत्या. त्या बाईने मलासुद्धा सांगितलं नाही, आणि आळ तिच्यावरच."

मग भांड्यांचा आवाज जरा जास्तच केला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टाळत होतो तो भागवत पार्किंगमध्ये भेटला. स्वतःच आला.

"साहेब, एक इचारू का? तुमी कॉम्प्युटरवाले. सिस्टरनं कुणाला मेसेज-बिसेज केला आसंल, तर तुमाला घावंल का?"

म्हणालो, तसं सहज सापडत नाही.

"म्या तिला आईच्या जागी मानलं हो. पहिल्या खेपंला गोळ्या आणायला ती सोबत आल्ती माज्या. आन् तिनंच असं करावं? म्याच दिला अर्ज. लेकरू शाळंत जाईना गेलंय. म्हणतंय, पोरी बाकावर शेजारी बसंनात."

"होईल सगळं नीट."

"बघा बरं तुमी. तुमच्यावर हाय भरवसा."

"बघतो."

बघतो म्हणालो! कांद्याचं हसणं त्याने ऐकलं होतं की नाही, माहीत नाही. ऐकलं असेल तर मोठ्या मनाचा. नसेल ऐकलं तर मी आणखीनच लहान. आणि त्याच्या हातून आपल्याच माणसावर अर्ज गेला, तोही माझ्यामुळे. हे त्याला कळेल तेव्हा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी एचआरच्या मॅडम: "जाधव, उद्या अकराला चौकशीला या. तुमची एकच ओळ हवीये. मेडिकलचा जुना कॉम्प्युटर नियमाप्रमाणे पुसला होता, म्हणजे तिथून काही बाहेर जायचा प्रश्न नाही. तेवढं झालं की विषय संपला. रजिस्टर आणा, फॉर्मॅलिटी आहे."

विषय संपला म्हणजे सिस्टर संपल्या. माझ्या एका सहीवर.

दुपारभर स्वतःची समजूत घातली: आता सांगूनही कोण मानणार? डिस्क कोरी आहे. म्हणतील, सिस्टरला वाचवायला जाधव गोष्ट रचतोय. असं वाटणं किती सोयीचं!

कँटीनमध्ये हात धुवायला रांगेत उभा होतो. समोर बोर्ड. त्यावर दसऱ्याचे फोटो, दीड महिना लागलेले आहेत, रोज समोरून जातो. मधल्या फोटोत मी, हातात नारळ, चेहऱ्यावर मोठं कर्तृत्व केल्याचा आव. मागे सहा कॉम्प्युटर. सहाव्याचा लाल स्टिकर स्पष्ट. त्याच्या कपाळावर हळदकुंकू आणि डोक्यावर गुंडाळलेली वायर. खाली कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली: सकाळचे १०.१२.

माझ्या रजिस्टरात तो दहापासून पुसला जात होता. तारीख तीच.

वायर डोक्यावर, आणि पुसला जातोय!

जेवण सोडून जागेवर आलो. रजि. काढलं. ते पान दोन बोटांत धरलं. पानांवर छापील नंबर आहेत, एक गेलं तर लगेच दिसतं. म्हणून फाडलं नाही. चांगुलपणा म्हणून नाही, नंबर होते म्हणून. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःला काही वेगळं सांगणार नाही.

पाच वाजता कँटीन रिकामं झाल्यावर फोटोच्या पिना काढल्या. गणपतमामांनी बघितलं.

"कशाला रं काढतो?"

"लागतोय, मामा."

मामांनी फोटो हातात घेऊन लांब धरला. "त्यो सहावा. त्या दिशी तुला हात लावू दिला न्हाई मी. तुजं काय काम आडलं का त्यापायी?"

इथे एक दार उघडं होतं. म्हाताऱ्यावर ढकलून मोकळा झालो असतो, त्यांनी चालवूनही घेतलं असतं.

"नाही मामा. काम मीच अडवलं."

आठवड्याभरातलं हे एक वाक्य लिहायला लाज वाटत नाही. एक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पावणेअकरा. एचआरच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. रजि. मांडीवर, फोटो त्या पानात. आत भागवत आहे. काचेतून त्याची पाठ दिसते.

वंदनाने सकाळी डबा दिला आणि दारात उभी राहिली, मी जिना उतरेपर्यंत.

मॅडमला सांगायचं वाक्य रस्त्याने पाठ करत आलो. मोशीपर्यंत ते 'मी खोटी सही केली' असं होतं. कुरुळीपर्यंत 'नोंदीत थोडी चूक झाली' असं झालं. माझं मलाच कळलं नाही कधी बदललं ते.

सिस्टर आल्या. आज युनिफॉर्म नाही, साडी. बारीक झाल्यात. मला बघून थांबल्या आणि शेजारी बसल्या. मी वहीवर हात ठेवला.

"तुम्ही आलात?" म्हणाल्या. "माझ्यासाठी कुणी येईल असं वाटलं नव्हतं हो."

मी रजिस्टरचा कोपरा दुमडत राहिलो. त्यांना वाटलं, मी घाबरलोय. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. म्हणाल्या, "झोप लागत्ये ना आता?"

हो म्हणालो.

"मग झालं तर. आणि हे बघा, माझी कीव येऊन आत काहीतरी रचून सांगू नका हो. जे घडलं तेवढंच सांगा. माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही, समजलं?"

भागवत बाहेर आला. आम्हा दोघांना एका बाकावर बघून मान खाली घातली. शिपाई दारात उभा आहे. जाधव, म्हणतोय.